लेखाखालचं नाव

सांगलीच्या मार्केट यार्डात नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 31 वर्षं एका अडत्याकडे, म्हणजे शेतकऱ्याचा माल अडत (कमिशन) घेऊन विकून देणाऱ्याकडे, दिवाणजी म्हणून काढली. हळदीचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी नानांच्या आधी त्यांचा वास घरात यायचा. सदऱ्याला, टोपीला, चष्म्याच्या काड्यांनासुद्धा हळद लागलेली असायची. आईने कितीही घासलं तरी त्यांचे बनियन त्या चार महिन्यांत कधी पांढरे राहिले नाहीत.

हळद कशी पारखायची ते त्यांनी मला सातवी-आठवीत असताना दाखवलं. पोत्याच्या तोंडाशी असलेलं हळकुंड घ्यायचं नाही. हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि बोटांना लागेल ते बाहेर काढायचं. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मोडायचं. नीट वाळलेलं असेल तर कट्‌ असा धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येतो. ओल राहिली असेल तर ते आधी वाकतं आणि मग कसंबसं तुटतं. मोडलं की गाभ्याचा रंग बघायचा. सालीवरून काही ठरवायचं नाही, कारण पॉलिश केलेली हळद वरून सगळी सारखीच दिसते.

याच नानांची पेपर वाचायची रीत मात्र वेगळी होती. रविवारी जेवण झाल्यावर ते झोपाळ्यावर बसून पुरवणी उघडायचे. एखादा वैचारिक लेख आला की त्यांची नजर आधी तळाशी जायची, नावावर. काही क्षण अंगठा त्या नावाखाली टेकलेला असायचा. मग "हं" असा हुंकार यायचा. हा हुंकार दोन प्रकारचा होता आणि घरात आम्हाला दोन्ही ओळखू यायचे. एक म्हणजे, आपला माणूस आहे, बघू काय म्हणतो. दुसरा म्हणजे, हा काय लिहिणार ते ठाऊकच आहे. दुसरा आला की पान उलटलं जायचं. कधी उलटलं नाहीच, तर लेख वाचला जायचा, पण वकील साक्षीदाराचा जबाब वाचतो तसा.

पुढे मी एका मराठी दैनिकात उपसंपादक झाले आणि बरीच वर्षं संपादकीय पानावर होते. लेख वाचायचे, कात्री लावायची, मथळे द्यायचे आणि वाचकांची पत्रं निवडायची, हे माझं काम. पत्रं निवडता निवडता लक्षात आलं की नानांचा तो अंगठा आमच्या घरापुरता नव्हता.

सुरुवातीला पत्रं मुख्यतः पोस्टकार्डांवर यायची. रोज दुपारी शिपाई गठ्ठा आणून टेबलावर ठेवायचा. लेखाशी सहमत किंवा असहमत असणारी पत्रं मी वेगळी काढत असे. काही महिन्यांनी मला या वाटणीत काही राम वाटेना. खरी वाटणी वेगळीच होती. काही पत्रं लेखाला उत्तर देणारी असत आणि काही पत्रं लेखकाला. दुसऱ्या प्रकारच्या पत्रांत लेखातलं एकही वाक्य उद्धृत केलेलं नसे. "आपल्यासारख्यांकडून दुसरी अपेक्षा नव्हती" अशी सुरुवात आणि मग कार्डाच्या कडेपर्यंत बारीक अक्षरात राग. स्तुतीची पत्रंही यातच मोडत. "आपण आमच्या मनातलं बोललात" असं लिहिणाऱ्याला नेमकं काय मनातलं होतं, ते पत्रभर कुठे सापडत नसे.

आपल्याकडे हा झटपट निवाडा सगळ्यात आधी आडनावावर होतो. हे मान्य करायला जड जातं, पण ज्याने मराठी वैचारिक लेखन छापण्याच्या जागी बसून पाहिलं आहे त्याला हे नाकारता येणार नाही. नुसतं नाव सांगून आपली ओळख पुरी होत नाही. "पूर्ण नाव काय?" मग "मूळचे कुठले?" मग "म्हणजे त्या अमक्यांपैकी का?" प्रवासात शेजारी बसलेला माणूस जे चार प्रश्नांत काढून घेतो, ते लेखाखाली आयतं छापलेलं असतं. आरक्षणावरचा लेख असो, पंढरीच्या वारीवरचा असो, नाहीतर शाळेच्या अभ्यासक्रमावरचा; आडनाव वाचलं की वाचकाच्या मनात लेख लिहून तयार होतो आणि मग डोळे छापलेल्या लेखात तोच शोधत राहतात.

बरं, हा अंदाज धड बरोबर तरी यावा? आमच्या सांगली भागात पाटील जैन असतो, लिंगायत असतो, मराठा असतो आणि मुसलमानही असतो. देशमुखांचं तेच. कुलकर्णी म्हटलं की लोक जे गृहीत धरतात त्यातही चूक होऊ शकते, कारण ही सगळी वतनाची, कामाची नावं आहेत. एका पाटील आडनावाच्या लेखकाला एकाच लेखाबद्दल दोन वेगवेगळ्या जातींचा पक्षपाती ठरवणारी दोन पत्रं मी एकाच दुपारी उघडलेली आहेत. दोघांनाही खात्री होती. तो त्या दोन्हींपैकी नव्हता.

आडनावानंतर येतात शब्द. यात मला वाचकाची थोडी बाजू घ्यावीशी वाटते, कारण शब्द खरोखरच बोलतात. ‘तथाकथित’ हा एक शब्द घ्या. ‘तथाकथित पुरोगामी’, ‘तथाकथित राष्ट्रवादी’, ‘तथाकथित विकास’. पहिल्या परिच्छेदात हा शब्द दिसला की पुढचा माणूस कुठल्या बाजूला उभा आहे हे कळतं आणि बहुतेक वेळा बरोबर कळतं. पण मानवाचक शब्दांचं काय करायचं? ‘शिवाजी’, ‘शिवाजी महाराज’, ‘छत्रपती शिवाजी महाराज’. ‘आंबेडकर’, ‘डॉ. आंबेडकर’, ‘बाबासाहेब’. ‘गांधी’, ‘गांधीजी’, ‘महात्मा गांधी’. ‘सावरकर’ आणि ‘स्वातंत्र्यवीर सावरकर’. यातलं कुठलं रूप वापरलं आहे ते पाहून वाचक लेखकाला खुर्ची देतो किंवा दार दाखवतो. इतिहासाचे अभ्यासक अनेकदा सगळ्यांचाच उल्लेख मोकळ्या नावाने करतात, ती त्यांच्या शिस्तीची रीत असते. दुसरीकडे, ज्या घरात ‘बाबासाहेब’ हे नाव देव्हाऱ्यातल्या दिव्यासारखं उच्चारलं जातं तिथे नुसतं ‘आंबेडकर’ वाचून मन दुखावतं, हेही तितकंच खरं. दोन्ही माणसं प्रामाणिक असतात आणि लेख सुरू होण्याआधीच एकमेकांना गमावून बसतात.

अलीकडे यात शहरांची भर पडली. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. आता पाणीटंचाईवर लिहिणाऱ्यालासुद्धा पहिल्या ओळीत गावाचं नाव लिहिताना आपली बाजू जाहीर करावी लागते. त्याने कुठलंही नाव लिहिलं तरी अर्धे वाचक त्याच्या टँकरपर्यंत पोहोचतच नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. टँकर सगळ्यांच्याच वस्तीत जातो.

आणि मथळा. याबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय मी वाचकांविषयी बोलणं बरोबर नाही.

2000 सालच्या जूनपासून महाराष्ट्रात सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याच्या आधी आणि नंतर वर्तमानपत्रांतून घनघोर वाद झाला. त्या दिवसांत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका गुरुजींचा लेख आमच्याकडे आला. फुलस्केपच्या दोन्ही बाजूंना समास सोडून, निळ्या शाईत, एकही खाडाखोड नसलेला. लेखाचे दोन भाग होते. पहिल्यात ते म्हणत होते की शहरातल्या पोराला जे मिळतं ते वाडीवरच्या पोराला नाकारायचा अधिकार कोणालाच नाही, म्हणून इंग्रजी हवं. दुसऱ्यात म्हणत होते की जो शिक्षक स्वतः इंग्रजीचं वाक्य बोलताना घाबरतो, त्याच्या हाती पहिलीची पोरं देऊन आपण त्यांना इंग्रजी शिकवणार नाही, इंग्रजीची भीती शिकवू. म्हणून आधी शिक्षकांची तयारी, मग पोरांचं पुस्तक. शिक्षकांची तयारी कशी करायची, किती दिवस, केंद्रशाळेत की डाएटमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत, हेही त्यांनी मांडलं होतं. सगळ्या वादात इतकं हाताशी धरता येण्यासारखं मी दुसरं काही वाचलं नव्हतं.

त्या रात्री जाहिरात वाढली आणि लेखाची जागा कमी झाली. मी शेवटचे दोन परिच्छेद काढले. डाएट आणि केंद्रशाळा त्यातच गेल्या. तीन कॉलमात बसेल असा मथळा हवा होता. मी दिला: ‘पहिलीपासून इंग्रजी हवीच!’ तो ‘च’ माझा होता, उद्गारचिन्हही माझंच.

पुढचा आठवडाभर पत्रं येत राहिली. अर्ध्या लोकांनी गुरुजींना मराठीचा मारेकरी ठरवलं, अर्ध्यांनी त्यांना द्रष्टा म्हटलं. काही पत्रांत त्यांचं आडनाव धरून असं लिहिलं होतं की तुमच्या लोकांना इंग्रजांचं कौतुक पूर्वीपासूनच आहे. शिक्षकांच्या तयारीबद्दल एक अक्षर कुणी लिहिलं नव्हतं. दहाव्या दिवशी गुरुजी स्वतः कार्यालयात आले. खांद्याला कापडी पिशवी, एस.टी.चा प्रवास करून आलेले. चहा घेतला. तक्रार अशी काही केलीच नाही. कप खाली ठेवल्यावर हळू आवाजात विचारलं, "बाई, मथळा आपल्याकडे कोण देतं?"

मी म्हटलं, "डेस्क देतं, गुरुजी."

हे खोटं नव्हतं. पण ते खरंही नव्हतं. ते "बरं" म्हणाले, पिशवीतून अंक काढला, त्या मथळ्यावरून एकदा बोट फिरवलं आणि घडी घालून परत ठेवला. नंतर त्यांनी आम्हाला कधीही लेख पाठवला नाही.

त्यानंतर वाचकांच्या घाईवर बोलताना माझी जीभ अडखळते. मथळा सहसा लेखक देत नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे आणि वाचकांपैकी फार थोड्यांना. मथळ्यावरून लेखकाचा निवाडा करणारा वाचक खरं म्हणजे रात्री साडेदहाला पान सोडायच्या घाईत असलेल्या उपसंपादकाचा निवाडा करत असतो. आता तर मथळ्याचा तेवढाच फोटो काढून फोनवर पुढे धाडतात, लेख मागेच राहतो.

डेस्कवर आम्ही आणखी एका गोष्टीने स्वतःची समजूत घालत असू. दोन्हीकडून शिव्या आल्या म्हणजे आपण मधोमध आहोत, असं ज्येष्ठ सहकारी सांगत आणि आम्हाला बरं वाटे. नंतर एका प्रयोगाविषयी वाचलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 1985 साली प्रसिद्ध झालेला. 1982 च्या बैरूतमधल्या हत्याकांडाच्या टीव्हीवरच्या बातम्या इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच, पण दोन्ही गटांना त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या दिसल्या. म्हणजे दोन्हीकडच्या शिव्यांवरून आमच्याबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. शिव्या वाचणाऱ्याच्या जागेवरून येत होत्या.

त्याहून मला हलवून सोडलं ते अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांच्या 2003 च्या अभ्यासाने. त्यांनी कॉलेजच्या मुलांना सरकारी मदतीच्या योजना वाचायला दिल्या, एक सढळ हाताची आणि एक अगदी कडक. सोबत सांगितलं की अमुक पक्षाचा हिला पाठिंबा आहे. पक्षाचं नाव बदललं की मुलांचं मत बदललं. उदारमतवादी मुलांनी कडक योजना उचलून धरली, परंपरावादी मुलांनी सढळ. आपल्या पक्षाचं नाव जोडलेलं असलं की पुरे. पण मला खरा धक्का पुढच्या भागाने बसला. मत असं का झालं विचारल्यावर त्यांनी योजनेतल्या तरतुदी सांगितल्या, आपली तत्त्वं सांगितली. पक्षाच्या नावाचा परिणाम दुसऱ्यांवर होत असेल, आपल्यावर नाही, अशी त्यांची समजूत होती. हे वाचताना मला झोपाळ्यावरचे नाना दिसले. त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनीही शपथेवर सांगितलं असतं की मी नाव बघून वाचत नाही, मुद्दा बघून वाचतो.

आपल्याकडे नाव लपवून लिहायची सोय जुनी आहे. 1848 मध्ये मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रं येऊ लागली. 1850 पर्यंत 108 पत्रं झाली आणि पुढे ती ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली. ब्राह्मणांच्या अहंकारावर, आळसावर, पाठांतराच्या विद्येवर त्यात जी झोड उठवली आहे ती आजही वाचताना चटका लावते. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख स्वतः ब्राह्मण होते, सरकारी नोकरीत होते आणि लेखन सुरू केलं तेव्हा जेमतेम पंचविशीत होते. खाली खरं नाव असतं तर काय झालं असतं याची मी कल्पना करून बघते. कोणी म्हणालं असतं, घरभेदी आहे. कोणी म्हणालं असतं, साहेबाची चाकरी करतो म्हणून बोलतो. कोणी म्हणालं असतं, पोरगेलं आहे, काय कळतंय. तिन्ही उत्तरं तयार, पत्र न वाचता देता येण्यासारखी.

मग नाव पुसूनच टाकावं का? काही वर्षं मला तसं वाटत होतं. सहकाऱ्यांजवळ मी बोललेही होते की वर्षातून एक महिना सगळे लेख बिननावाचे छापू. माझा तो विचार बदलला मुक्ता साळवे यांच्या निबंधामुळे. 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’त आलेला, जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या एका मांग समाजातल्या मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध. ती विचारते की वेद जर फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता? ती सांगते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं. हे कोण सांगतंय ते काढून घेतलं तर त्या प्रश्नातला जीव जातो. बाळंतपणाच्या वेळी गळणाऱ्या पावसाची तक्रार कुणीही मांडू शकतो, पण त्या पावसात उभं राहिलेल्या घरातून ती आली की तिचा अधिकारच वेगळा होतो. तेव्हा नाव वाचणं हा दोष नव्हे. नाव वाचून थांबणं, हा आहे.

मुक्ताबाईंच्या निबंधानंतर 27 वर्षांनी, 1882 मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटं पुस्तक निघालं. सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपाखाली शिक्षा झाली होती आणि त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं जात होतं. ताराबाई पेटून उठल्या. त्यांची भाषा घरातली आहे, चुलीपुढची, माजघरातली आणि धारदार. त्यांनी एक साधी मागणी केली: ज्या दुर्गुणांवरून बायकांना धारेवर धरता ते पुरुषांत आहेत का, ते एकदा तपासू. याला उत्तर द्यायचं तर मुद्देसूद द्यावं लागलं असतं. त्याऐवजी त्यांच्या स्वरावर बोट ठेवलं गेलं. जोतिराव फुल्यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिल्याचं दिसत नाही. अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा लोकांसमोर आणलं 1975 मध्ये. 93 वर्षं! बाईने रागाने लिहिलं आहे एवढ्यावरून बाजूला सारलेलं पुस्तक 93 वर्षं बाजूला राहिलं. डेस्कवर बायकांचे लेख वाचताना "जरा आक्रस्ताळं आहे" हा शेरा मी पुरुष सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. आणि तोच शेरा लेखाच्या कोपऱ्यात मी स्वतः पेन्सिलीने लिहिल्याचंही मला आठवतं.

आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली हे शाळेत सगळे शिकतात. 1881 पासून हेच आगरकर ‘केसरी’चे संपादक होते. 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्या यात्रेत तिरडी धरणाऱ्यांपैकी कितीजणांनी ‘सुधारक’चा एक तरी अंक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला असेल, हा प्रश्न मी पोस्टकार्डांचे गठ्ठे सोडताना स्वतःला अनेकदा विचारला आहे.

आणि 1908 च्या जुलैमधला टिळकांचा खटला. ‘केसरी’तल्या लेखांवर राजद्रोहाचा आरोप, मुंबई हायकोर्ट, न्यायमूर्ती दावर, नऊ जणांची ज्यूरी: सात युरोपियन, दोन पारशी. लेख मराठीत आणि निवाडा करायचा तो इंग्रजी भाषांतरावरून. टिळक आपल्या बचावात 21 तासांहून जास्त बोलले. त्यातला बराच वेळ शब्दांवर गेला. या शब्दाचं हे भाषांतर बरोबर नाही, आमच्या भाषेत याचा अर्थ असा होतो, आधीच्या वाक्याशी धरून वाचा. जो वाचक ती भाषाच वाचू शकत नाही त्याच्यापुढे वाक्यन् वाक्य उलगडत उभं राहायला किती धीर लागला असेल! सातविरुद्ध दोन मतांनी ज्यूरीने दोषी ठरवलं आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या ज्यूरीला निदान भाषेची अडचण होती. आपण तर एकाच भाषेचे.

नानांशी मी यावर एकदा भांडले होते. म्हटलं, हळद मोडल्याशिवाय घेत नाही तुम्ही, आणि माणसाचं मत नुसत्या सालीवरून? ते चिडले नाहीत. म्हणाले, "यार्डात दिवसाला किती पोती येतात माहीत आहे का तुला? सगळी फोडत बसलो तर सौदा कधी व्हायचा? पन्नास वर्षं ज्याची हळद घेतली त्याचं पोतं डोळे मिटून घेतो आम्ही. आणि ज्याने एकदा ओला माल घातला त्याचं बघतसुद्धा नाही."

यात तथ्य आहे. वाचायला रोज ढीगभर येतं आणि आयुष्य तेवढंच आहे. ज्या लेखकाने वीस वर्षं खोटा आकडा दिला नाही त्याच्यावर विश्वास टाकणं हा पूर्वग्रह नाही, तो अनुभव आहे. पण नाना ज्याला नाव म्हणत होते ते त्या शेतकऱ्याचं नाव होतं, त्याच्या मालावरून कमावलेलं. त्याच्या जातीचं, गावाचं, भावकीचं नव्हे. आणि नव्या शेतकऱ्याचं पोतं आलं तर? "मग वानगी काढायची," ते म्हणाले. "चार हळकुंडं. पोतंभर नाही."

ही वानगीची गोष्ट माझ्या मनात राहिली आणि डेस्कवरची माझी वाचायची रीत तिच्यामुळे बदलली. लेख पुरा वाचायला वेळ नसेल तर मी पहिला परिच्छेद वाचत नाही, कारण तो पोत्याच्या तोंडाशी असतो, निवडून ठेवलेला. शेवटचाही वाचत नाही, तिथे टाळ्यांची वाक्यं असतात. मी मधे कुठे ‘पण’, ‘मात्र’, ‘काहींचं म्हणणं’ असे शब्द शोधते आणि तिथे लेख मोडते. आपल्या शास्त्रकारांनी याला पूर्वपक्ष म्हटलं आहे. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचं, मग त्याचं खंडन करायचं. लेखकाने विरोधकाचं म्हणणं असं मांडलं आहे का, की तो विरोधक वाचून म्हणेल, होय, हेच माझं म्हणणं? असेल तर कट्‌ असा आवाज येतो. मग त्याचा निष्कर्ष मला पटो न पटो, मी तो लेख पहिल्यापासून वाचते. आणि विरोधकाच्या तोंडी कुठलाही शहाणा माणूस बोलणार नाही असं वाक्य घातलं असेल, तर लेख माझ्या बाजूचा असला तरी आत ओल आहे. गुरुजींच्या लेखात मराठीच्या बाजूने जे बोललं जातं ते इतक्या आस्थेने मांडलं होतं की तो परिच्छेद वेगळा काढून छापला असता तर मराठीप्रेमींनी तो डोक्यावर घेतला असता. तो परिच्छेद पहिल्या भागाच्या अखेरीला होता. तो छापला गेला होता. कोणी तिथपर्यंत आलं नाही, माझ्या ‘च’मुळे.

2016 च्या उन्हाळ्यात नानांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू इतका वाढला की अक्षर लावता येईना. साखर कमी होईपर्यंत ऑपरेशन करायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मी सुट्टी घेऊन सांगलीला गेले होते. रोज दुपारी मी पेपर वाचून दाखवायची. ते झोपाळ्यावर, मी खाली जाजमावर.

त्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि शेतकऱ्याकडून अडत घ्यायची नाही, असं ठरवलं. यार्डायार्डांत बंद सुरू झाले. नाना सगळं आयुष्य अडत्याच्या पेढीवर बसलेले, त्यामुळे घरात आमच्याही गरमागरमी झाली. त्यातच एक मोठा लेख आला, अडत बंद व्हायला हवी म्हणणारा. मी मथळा वाचला आणि सवयीप्रमाणे त्यांनी विचारलं, "कोणाचा आहे?"

"वाचून झाल्यावर सांगते, नाना."

ते काही बोलले नाहीत. झोपाळ्याची कडी कुरकुरत राहिली. लेखक शेतकऱ्याच्या बाजूचा होता, पण अडत्याबद्दल लिहिताना त्याने घाई केली नव्हती. पेरणीच्या वेळी बँक दारात उभी करत नाही तेव्हा उचल कोण देतं, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, त्याच दिवशी रोख कोण चुकवतं आणि व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर कोणाच्या पेढीला खड्डा पडतो, हे त्याने नीट सांगितलं होतं. हमालांचं, तोलाईवाल्यांचंही लिहिलं होतं. आणि हे सगळं मान्य करून तो म्हणत होता, तरीही या सेवेचं मोल माल विकणाऱ्याच्या पट्टीतून कापायचं नाही. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की झोपाळा थांबला आहे.

लेख संपला. मी नाव सांगितलं. ते असं नाव होतं की पूर्वी दुसरा हुंकार ठरलेला होता.

नाना बराच वेळ गप्प होते. मांडीवर ठेवलेल्या त्यांच्या दोन्ही हातांची बोटं चिमटीत आल्यासारखी हलत होती.

"ते उचलीचं लिहिलंय ना त्याने," ते म्हणाले, "पट्टीच्या आधी. ते परत वाच."